खोडीसकट विकली

गेल्या दत्तजयंतीच्या आठवड्यात नानांची जीप विकली. पुण्याला परत आल्यावर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे सांगितलं, तर एक मित्र चहाचा कप हातात धरून असा थबकला की जणू मी घरातलं देवघर विकून आलोय. "अरे, क्लासिक आहे ती! कन्व्हर्टिबल! ठेवायची ना!"

ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा माझा प्रश्न. त्याला कॅन्टीनमध्ये नीट उत्तर देता आलं नाही (माझं असंच होतं, मुद्दे लिफ्टमध्ये सुचतात), म्हणून हा सगळा प्रपंच.

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा शनिवार वाचेल. जिच्यावर जीव आहे अशी गाडी चालू असताना विकावी. तिच्या सगळ्या खोडी सांगून विकावी. आणि जमलं तर जो ती वापरणार आहे त्याला विकावी. त्यापायी चार पैसे कमी आले तर ते स्वतःच्या खिशातून जावेत, दुसऱ्याच्या नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मी स्वतः तोंडावर आपटलोय, ते पुढे येईलच.

कन्व्हर्टिबल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर लाल रंगाची, दोन सीटची, गॉगल लावलेल्या हिरोची गाडी आली असेल तर ती पुसून टाका. तशी गाडी मी एकदाच पाहिली, गोव्यात बनायची ती फायबरच्या बॉडीची सॅन स्टॉर्म, आणि तीही बंद पडलेली, ढकलत नेत होते. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात उघडी गाडी म्हणजे जीप. पाइपच्या कमानींवर ताणलेली ताडपत्री हे तिचं छत, त्याला आम्ही हुड म्हणायचो. पट्टे सोडले की हुड मागे. दोन खिट्ट्या सोडल्या की समोरची काच बॉनेटवर आडवी. दरवाजे मुळात नाहीतच, त्यामुळे ते काढायचा प्रश्न नाही. एप्रिल-मे महिन्यात तापीकाठची ४३-४४ डिग्रीची हवा थेट तोंडावर घेत शहाद्याहून प्रकाशाला जाऊन या, कन्व्हर्टिबलबद्दलच्या बऱ्याच कविकल्पना उतरतील.

तर आमची जीप. महिंद्राची सीजे-३बी, १९७२ सालची. हे मॉडेल मूळचं अमेरिकेतल्या विलीजचं, १९५३ चं. त्यात जे हरिकेन इंजिन होतं त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं, आणि ते मावावं म्हणून बॉनेटही उंच केलं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या फोटोशेजारी सीजे-३बी ठेवली तर ती मान ताठ करून उभी राहिल्यासारखी दिसते, त्याचं कारण हे. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं, आपल्याकडे मात्र त्यानंतरही बरीच वर्षं बनत राहिलं. आमच्या आईच्या दृष्टीने त्या उंच बॉनेटचा उपयोग एकच, कोंबड्या पोचत नाहीत म्हणून त्यावर कुरडया वाळत घालता येतात. इंजिन कंबरेएवढ्या उंचीवर आणण्यामागचं आमच्या घरापुरतं सगळ्यात पटणारं कारण ते होतं.

नानांनी ती १९८१ साली धुळ्याला सरकारी लिलावात घेतली. तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता (तो झाला १ जुलै १९९८ ला), सगळी कामं धुळ्याला. पेट्रोलवर होती आणि नानांच्या हिशेबाने लिटरला सात-आठच्या वर कधी गेली नाही. केळी आणि ऊस करणाऱ्या माणसाला हे परवडणारं नव्हतं. म्हणून १९८८ मध्ये शहाद्याच्या मिस्त्रीने एका अपघातात गेलेल्या एमएम-५४० चं प्युजोचं डिझेल इंजिन, २११२ सीसीचं, त्याच्याच गिअरबॉक्ससकट आमच्या जीपमध्ये बसवलं. आरसी पुस्तकात शाईने तशी नोंद झाली, शिक्का बसला. रंग मूळचा कुठला होता ते मला आठवत नाही. मला आठवते तेव्हापासून ती निळी आहे, विहिरीवरच्या पंपाच्या खोलीला लावून उरलेला ऑइलपेंट नानांनी ब्रशने मारला होता. जवळून पाहिलं तर ब्रशचे केस अजून रंगात चिकटलेले दिसतात.

त्या जीपने काय काय वाहिलं त्याची यादी केली तर बसेल एक पान. केळीचे घड, युरियाची पोती, पाण्याची मोटर, तिच्यासोबत मोटर दुरुस्त करणारा, गोमाईला पूर आलेला असताना अडकलेले वऱ्हाडी, दहावीच्या परीक्षेला मी, बाळंतपणाला ताई. महाशिवरात्रीला तोरणमाळची यात्रा ठरलेली. म्हसावद, राणीपूर, मग घाट. ट्रान्सफरचा दांडा लोमध्ये टाकला की नाना बोलायचं थांबायचे. घाट चढून यशवंत तलाव दिसला की पुन्हा सुरू. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर बसून, गुडघ्याला गुडघा लावून, हुड मागे टाकलेल्या जीपमधून सातपुडा चढणं हे मात्र सुख होतं, त्यात मी काही कमी करणार नाही. मान वर केली की सागाची पानं. परत येताना थंडी वाजायची आणि आई गोधडी पांघरून घ्यायची. असो.

नाना २०१८ साली गेले. त्यानंतर सात वर्षं मी ती जीप "ठेवली".

ठेवली म्हणजे काय, ते सांगतो. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि उन्हाळ्यात, मी पुण्याहून जायचो. बॅटरी उतरलेली असायची. ट्रॅक्टरची बॅटरी लावून, हिटर दोनदा तापवून, ढकलून कशीबशी सुरू करायचो, गावाला एक चक्कर मारायचो, दोन-चार फोटो काढायचो आणि गोठ्याशेजारी परत उभी. पहिल्या वर्षी उंदरांनी वायरिंग खाल्लं. दुसऱ्या वर्षी हुडाच्या घडीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं. मग व्हील सिलिंडरचे रबर गेले. डिझेलच्या टाकीत आतून गंज धरला आणि फिल्टरमध्ये तांबडा चहा जमायला लागला. एका पावसाळ्यात उजवीकडचं पुढचं चाक जमिनीत इतकं रुतलं की जीप एका बाजूला कान लावून काहीतरी ऐकते आहे असं वाटायचं.

आमच्या धंद्यात हा अनुभव रोजचा आहे. एखादा प्रोग्रॅम छान चालत असतो म्हणून कोणी त्याला दोन वर्षं हात लावत नाही. आतला एक अक्षरही बदललेलं नसतं. पण आजूबाजूचं सगळं बदलतं, ऑपरेटिंग सिस्टिम बदलते, लायब्ररी बदलतात, लिहिणारा नोकरी सोडून जातो. मग एका सोमवारी तो चालवायला घ्यावा तर चालत नाही, आणि का चालत नाही हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं. न वापरता जपलेली गोष्ट जपली जात नाही, हे मला ऑफिसात पंधरा वर्षांपूर्वी कळलं होतं. गोठ्याशेजारी कळायला सात वर्षं लागली. कारण उघड आहे. प्रोग्रॅम लिहिणारा माझा बाप नव्हता.

काका (नानांचे धाकटे भाऊ) हे सगळं पाहत होते. बोलत नव्हते. २०२५ च्या उन्हाळ्यात मी जीपला ढकलून घामाघूम झालो आणि ती एकदाची धूर सोडत सुरू झाली, तेव्हा ते ओट्यावरून म्हणाले, "चालू शे तवयच इकी टाक, भो." चालू आहे तेव्हाच विकून टाक. मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. ते बैल विकतात तसं जीपचं बोलतायत असं वाटलं. वाटण्यात चूक नव्हती, ते तसंच बोलत होते. चूक ही की त्यात मला अपमान दिसला.

कागदपत्रांचं रामायण इथे लावत नाही. एवढंच सांगतो की वारसाहक्काने नावावर करून घ्यायची राहिली होती, ती केली, पर्यावरण कर भरला, फिटनेस केला. जुन्या गाडीच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण मोटारीसाठी पूर्वी ६०० रुपयांत व्हायचं, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी दुप्पट. सरकारचं म्हणणं स्पष्ट आहे, म्हातारी गाडी ठेवायची हौस असेल तर मोजा. आणि यात सरकारची बाजू अगदीच लंगडी नाही. प्युजोचं ते इंजिन धूर ओकतं. पीयूसी मिळते, पण पीयूसी मिळणं आणि मागे उभं राहून श्वास घेता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात ती रोज ऑफिसला आणणं मला स्वतःलाच पटलं नसतं.

विकायची ठरवल्यावर पहिला फोन आला तो मोठे टायर, मागे पाच फुटी स्पीकर आणि लग्नात नवरदेव मिरवायला भाडं, असा बेत असलेल्या एका उत्साही तरुणाचा. तशा जीपा हरयाणातल्या डबवालीत ढिगाने बनतात आणि मोबाइलवर फार भारी दिसतात. पण गाडीचा मूळ सांगाडा कंपनीच्या नमुन्यापेक्षा वेगळा करता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "दादा, कोर्ट थोडंच लग्नाला येणारे." तिथेच फोन ठेवला.

दुसरे गृहस्थ पुण्याचेच, माझ्याच धंद्यातले, अतिशय सज्जन. त्यांच्याकडे दोन जुन्या गाड्या आहेत आणि दोन्ही लखलखीत. ते शहाद्यापर्यंत स्वतः आले, जीप पाहिली, आईच्या हातची शेवभाजी खाल्ली आणि ४ लाख १० हजार म्हणाले. बेत असा की प्युजो काढून टाकायचं, कुठूनतरी हरिकेन मिळवायचं, निळा रंग खरवडून ऑलिव्ह ग्रीन मारायचा आणि जीप पहिल्यासारखी करायची.

इथे थोडं थांबतो, कारण माझा खरा वाद या "पहिल्यासारखी" शब्दाशी आहे.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपात असलेली, मोठा फेरफार न केलेली, तर तिला वेगळी नोंदणी मिळते, नंबरात "व्हीए" अक्षरं येतात. पहिल्यांदा नोंदवायला २०,००० रुपये, दहा वर्षं चालते. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती याखेरीज रस्त्यावर आणायची नाही. आमची जीप वयाने यात बसते. फेरफाराने बसत नाही. तिचं इंजिन १९८८ मध्ये बदललंय आणि ते बदललं म्हणूनच ती १९८८ नंतर जिवंत राहिली. पेट्रोलवर राहिली असती तर नानांनी तेव्हाच मोडीत काढली असती.

कामाची गाडी मूळ स्वरूपात कुठे राहते? जिथे तिने काम केलं नाही तिथे. संस्थानिकाच्या मोटारखान्यात राहील, डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये राहील. केळी वाहणाऱ्या जीपचा प्रत्येक भाग कधी ना कधी मोडतो आणि जो मिळेल तो बसतो. आमच्या जीपचा स्टिअरिंग कॉलम तिचा स्वतःचा नाही, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आहे, मागचं बाकडं शाळेच्या बाकाचं आहे. हे सगळं खरवडून काढलं तर १९७२ सालची एक जीप मिळेल, मान्य. पण ती नानांच्या हातात येण्याच्या आधीची जीप असेल. ते सगळं पुसायचे ४ लाख १० हजार.

आता दुसरी बाजू. असले हौशी लोक नसते तर भारतातल्या बहुतेक जुन्या गाड्या भंगारात गेल्या असत्या. हरिकेनचं कार्ब्युरेटर कसं लावायचं हे आज ज्यांना माहीत आहे, ते माहीत असण्याला या लोकांचा पैसा आणि चिकाटी कारण आहे. एखादी सीजे-३बी अगदी जशीच्या तशी कुठेतरी असायलाच हवी, पोरांना दाखवायला. ती आमचीच असावी का, एवढाच प्रश्न.

आणि तरी मी त्या गृहस्थांना जवळजवळ "हो" म्हणालो होतो. ४ लाख १० हजार हा आकडा तत्त्वांपेक्षा मोठ्याने बोलतो. शिवाय एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती.

१९९६ च्या महाशिवरात्रीला तोरणमाळहून उतरताना मागच्या डाव्या स्प्रिंगचा ब्रॅकेट चासीसकट फाटला. नानांनी दोरखंडाने बांधून जीप खाली आणली आणि मिस्त्रीने तिथे लोखंडाची पट्टी ठोकून वेल्डिंग केलं. काम पक्कं आहे, एकोणतीस वर्षं टिकलंय. पण चासीवरचं वेल्डिंग ते वेल्डिंग. वरून काळा रंग मारलेला. जीपखाली बॅटरी घेऊन झोपल्याशिवाय दिसत नाही, आणि पुण्याचे गृहस्थ चांगल्या पँटमध्ये आले होते.

त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. खोटं बोललो नाही, अशी स्वतःची समजूत घातली. दोन रात्री झोप नीट लागली नाही, पण तेवढ्याने माणूस काही सुधारत नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी सारंगखेड्याला नेलं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते. त्या यात्रेतला घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. लाखांची जनावरं असतात. धूळ, टापांचा आवाज, गरम जिलेबी, आणि पाय उचलून, ओठ मागे सारून, दात मोजत घोडा पाहणारी माणसं. घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघतात, मानेवरचा देवमण असला तर मालक तो स्वतःच दाखवतो. जो भोवरा वाईट मानतात तो मात्र शोधावा लागतो.

काका घोड्यांतले नाहीत, बैलांतले. पण नजर तीच. एका पांढऱ्या घोडीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. मालकाने देवमण दाखवला, चाल दाखवली, लगाम काढून पुन्हा चढवून दाखवला. मग आपणहून म्हणाला, "डावीकडून ट्रॅक्टर आला तर बिचकते. बाकी काही नाही." काका मान हलवून पुढे झाले. मी म्हटलं, असं सांगून कोण घेईल? काका म्हणाले, त्यांच्या बैलांच्या धंद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, पण त्याआधी खोड सांगायची ती मोठ्याने, चार माणसांत. औताला चालतो, गाडीला चालतो, मारत नाही, पण पाण्यात बसतो. "खोड सांगितलेलं जनावर परत येत नाही," म्हणाले. "न सांगितलेलं येतं. आणि मालक बरोबर घेऊन येतं."

काकांना वेल्डिंगबद्दल माहीत होतं. १९९६ ला दोरखंड त्यांनीच धरला होता. घोडीपाशी ते सहज थांबले की मुद्दाम, हे मी अजून विचारलेलं नाही.

संध्याकाळी पुण्याला फोन केला आणि सांगितलं. गृहस्थ क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मग मी ३ लाख ४० हजारांच्या वर नाही जाऊ शकत." अगदी रास्त. सत्तर हजार रुपयांची खोड.

त्याच आठवड्यात तिसरा ग्राहक आला. धडगावच्या पुढे, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पलीकडच्या एका पाड्यावर त्याचं किराणा दुकान आहे. तिशीचा असेल. माल शहाद्याहून आणतो, रस्ता संपतो तिथून डोक्यावर किंवा ट्रॅक्टर मिळाला तर ट्रॅक्टरने. पावसाळ्यात तेही नाही. अडलेल्या बाईला बांबूला झोळी बांधून खाली आणतात अशा बातम्या नंदुरबारच्या डोंगरातून आजही येतात, त्या तुम्ही वाचल्या असतील. त्याने ते काही सुनावलं नाही, मीच सांगतोय. तो म्हणाला ते एवढंच, "भाऊ, फोर व्हील पडते ना? मग बाकी आम्ही बघून घेऊ." नवी थार त्याच्या आवाक्यात नाही.

मोटरसायकलवर मागे त्याचे वडील बसून आले होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर. त्यांना मराठी थोडंच येत असावं. उतरले, रामराम केला आणि कोणाला काही न विचारता तसेच जीपखाली शिरले. आम्ही दोघं वर हिटर, बॅटरी, ॲव्हरेज असलं काही बोलत राहिलो. पाच मिनिटांनी ते बाहेर आले, धोतर झटकलं, बाजूला उभे राहिले. मी म्हटलं, "काका, एक सांगायचं राहिलं. मागे डाव्या बाजूला चासीला वेल्डिंग आहे."

"दिसलं," ते म्हणाले.

२ लाख ६० हजार. त्याच्या वर त्यांच्याकडे नव्हते, आणि मी ताणलंही नाही. पुण्याच्या आकड्यापेक्षा ८० हजारांनी कमी. मला मनातून फार भरून आलं होतं, निर्णय झाला होता, उदारपणाची एक छान ऊबही अंगात आली होती. त्या उबेत सुरतेला ताईला फोन लावला.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. जीपमध्ये तिचा अर्धा वाटा (आईने आपला सोडला होता). ती म्हणाली, "छान आहे. त्याला दे. पण तुझ्या भावनांचं अर्धं बिल माझ्याकडून का घेतोस?"

यावर उत्तर नव्हतं. आजही नाही. सात वर्षं जीप मी ठेवली ती माझ्या हौशीसाठी, आणि आता स्वस्तात द्यायची तीही माझ्याच हौशीसाठी. तिच्या मुलाची फी भरायची होती. मी तिला ३ लाख ४० हजारांच्या हिशेबाने १ लाख ७० हजार पाठवले, माझ्या हातात ९० हजार उरले. तिने पैसे घेतले. "राहू दे रे" वगैरे म्हणाली नाही. मला तेव्हा थोडं लागलं, आता वाटतं की तिने ते घेतले म्हणून हा व्यवहार स्वच्छ झाला. प्रेमाने वस्तू स्वस्तात देणाऱ्यांनी आधी हे बघावं की ती वस्तू नक्की किती जणांची आहे. घराण्यातल्या जमिनी, वाडे, गाड्या यांच्याबाबत "आपण असं कसं विकायचं" म्हणणारा आवाज बहुतेक वेळा त्याचा असतो ज्याला पैशाची गरज नाही. आमच्या घरात तो माझा होता.

कंपनीत आपण एखादं काम दुसऱ्याच्या हवाली करतो तेव्हा केटी देतो, नॉलेज ट्रान्सफर. बहुतेक वेळा ती थाप असते, दोन तास स्क्रीन दाखवायची आणि मोकळं व्हायचं. जीपची केटी मात्र मी मनापासून दिली. दुरेघी वही घेऊन तीन रात्री बसलो आणि आठवेल ते लिहून काढलं. एकतीस मुद्दे झाले. हिटर हिवाळ्यात वीस सेकंद, उन्हाळ्यात नको. थंड असताना दुसरा गिअर डबल क्लचशिवाय पडत नाही, जबरदस्ती करू नये, नाना करायचे नाहीत. डिझेलचा काटा पाव दाखवतो तेव्हा टाकी रिकामी असते. पावसात डावा वायपर अर्ध्यात थांबतो, काचेवर आतून बुक्की मारावी. घाटात तिसऱ्यातून उडते, दांडा गुडघ्याने धरावा. ब्रेकला डावीकडे झुकते. हुडाचा मागचा उजवा पट्टा आधी बांधावा, नाहीतर बाकीचे पुरत नाहीत. चासीचं वेल्डिंग, साल १९९६, दर पावसाळ्यानंतर तारेच्या ब्रशने घासून बघावं.

लिहिताना लक्षात आलं की यातलं निम्मं मला नानांनी कधी सांगितलं नव्हतं. शेजारी बसून बघितलेलं होतं. गुडघ्याने दांडा धरायचा हे तर त्यांनाही माहीत नसेल की ते करतात.

२९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर सह्या झाल्या. पुण्याला गेली असती तर एनओसी लागली असती, धडगाव याच जिल्ह्यात म्हणून ती लागली नाही, नंबरही तोच राहिला, जुन्या मालिकेतला, तीन अक्षरं आणि चार आकडे. तेवढंच बरं वाटलं. ज्या दिवशी नेली त्या दिवशी आईने बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि मग विचारलं की गोठ्याशेजारी आता पत्र्याची शेड घालता येईल का, मिरच्यांना जागा नाही. त्या पोराने वही नीट प्लास्टिकच्या पिशवीत घातली. त्याचे वडील मागच्या बाकड्यावर बसले, पुढे रिकामं असताना. हुड मागे टाकून गेले. मी फाटकापर्यंत गेलो, पुढे गेलो नाही.

मकरसंक्रांतीनंतर एका रविवारी फोन आला. रेंज येत-जात होती, मागे इंजिनाचा आवाज.

"भाऊ, ते एकोणिसाव्या नंबरला लिहिलंय ना, डावीकडे झुकते म्हणून."

"हो."

"ते ब्रेक मारल्यावर का आधीपासून?"

"मारल्यावर."

"मग ठीक आहे. आधीपासूनचं मी काढलं," म्हणाला, आणि रेंज गेली.